पांढरी पडली तरी हात लावू नये

हजेरीपट सोडला तर त्यांचं खरं आडनाव कुठेच वापरात नव्हतं. ध्वनिसंग्रहात सगळे त्यांना दमधरे म्हणत. प्रिंटर अडला, दमधऱ्यांकडे जा. यंत्र घरघरतंय, दमधऱ्यांकडे जा. आणि गेलात की पाठमोरे बसलेले दमधरे मान न वळवता म्हणणार, "दम धरा. होतंय." एकदा एका व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेवर आभारांच्या यादीत 'श्री. दमधरे' असं चक्क छापून आलं. त्यांनी तक्रार केली नाही. उलट ती पत्रिका घरी नेऊन बायकोला दाखवली.

"छान," बायको म्हणाली. "म्हणजे आता मी सौ. दमधरे. शोभतंय हो. तीस वर्षं दुसरं काय केलंय मी!"

ध्वनिसंग्रह म्हणजे तळघरातल्या तीन खोल्या. जुनी भाषणं, मुलाखती, शाळांचे कार्यक्रम, कुणाकुणाच्या आठवणी, असं सगळं टेपांवर भरून फडताळांत रचलेलं. टेपा आता म्हाताऱ्या झालेल्या. एकेक टेप यंत्रावर लावायची, तिचा आवाज संगणकात उतरवून घ्यायचा, डबीवर चिठ्ठी चिकटवायची आणि पुढची घ्यायची, हे तिथलं काम. दमधरे तिथे लागले ते रेडिओ दुरुस्त करणारे म्हणून. संगणक आले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली, पण जिभेचं टोक दातांत धरून, पुस्तकं उघडून, ते प्रोग्राम लिहायला शिकले. त्याचा त्यांना अभिमान होता. उघड दाखवायचे नाहीत, पण होता.

टेपा लावायचं काम ताईंचं. त्यांनाही नाव होतं, पण सगळे टेपताई म्हणत. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, ते बंद पडल्यावर इकडे आल्या. पन्नाशी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात, हात मात्र सुईत दोरा ओवणाऱ्या माणसासारखे स्थिर. टेपांशी बोलायच्या. "चल गं बाई, सरळ हो. एवढं काय आखडलीस?"

आवाज उतरवायचं खरं काम एक तयार प्रोग्राम करायचा. कुणा दूरच्या माणसाने लिहिलेला, फुकट मिळालेला, कमालीचा हुशार आणि तितकाच तुसडा. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टंकायचा आणि तो उत्तरादाखल ओळींमागून ओळी फेकणार. ताईंना त्या काळ्या पडद्याची धडकी भरायची. म्हणून दमधऱ्यांनी त्यांच्यासाठी एक खिडकी लिहिली. टेपेचं नाव लिहायला एक चौकट आणि खाली मोठं हिरवं बटण: 'उतरवा'. बटण दाबलं की खिडकी त्या तुसड्याला मागच्या मागे कामाला लावायची आणि त्याच्या ओळी ऐकत बसायची.

खोट तिथेच होती. खिडकी ऐकायला बसली की बाकी जगाकडे तिची पाठ. तिला हलवता येईना, मिटवता येईना, तिच्यावर एक अक्षर उमटेना. मिनिटाभरात ती पांढरीफटक पडायची आणि संगणक विचारायचा, 'हा प्रोग्राम प्रतिसाद देत नाही. बंद करू की वाट पाहणार?' मागे काम व्यवस्थित चालू असायचं. पाऊण तासाने टेप संपली की खिडकी काही झालंच नाही अशा थाटात परत रंगात यायची.

पहिल्या दिवशी ताई धावतच आल्या होत्या.

"दमधरे, मेली!"

"कोण?"

"तुमची खिडकी. पांढरी पडली."

"मेली नाही हो. कामात आहे."

"कामात असलेला माणूस निदान 'हं' तरी म्हणतो!"

"माझ्या बायकोला विचारा म्हणतो का ते."

ताई हसल्या, पण पटलं नव्हतं. दोनदा त्यांनी घाबरून 'बंद करा' दाबलं, दोन्ही वेळा टेप पहिल्यापासून लावावी लागली. तेव्हा दमधऱ्यांनी एक कागदी पट्टी घेतली, ठळक अक्षरांत लिहिलं 'पांढरी पडली तरी हात लावू नये', आणि ती ताईंच्या पडद्याच्या कडेला चिकटवून टाकली. वर समजावलं, "यंत्राची चाकं फिरतायत ना, एवढंच बघायचं. चाकं फिरतायत, म्हणजे चालू आहे."

ताई नऊ वर्षं ते पाळत आल्या.

खोट काढता येत नव्हती असं नाही. ऐकायचं काम दुसऱ्या हाताला द्यायचं आणि खिडकीला मोकळं ठेवायचं, हे दमधऱ्यांना पुस्तकातून माहीत होतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी आठवडाभर तो प्रयत्न केलाही. पण दोन हात एकाच वेळी एकाच खिडकीला लागू लागले आणि खिडकी भलत्या वेळी गडप व्हायला लागली. आज अकराव्या मिनिटाला, उद्या तिसऱ्या. का, ते कळेना. दमधरे घाबरले. जुनं होतं ते परत बसवलं आणि विचारणाऱ्याला सांगू लागले, "त्यासाठी सगळं मुळापासून लिहावं लागेल. महिनोन्‌महिने जातील." इतक्यांदा सांगितलं की स्वतःलाही खरं वाटायला लागलं.

दर वर्षी ताई एकदा तरी म्हणायच्या, "तेवढी खिडकी बघा ना."

"दम धरा," दमधरे म्हणायचे.

एका सोमवारी ताई पावडरचा जुना डबा घेऊन त्यांच्या टेबलापाशी आल्या. डब्यात रुमाल, रुमालात कॅसेट.

"संग्रहाची नाही. माझी आहे. प्रमुखबाईंना विचारलंय, त्या हो म्हणाल्या."

"कुणाचा आवाज?"

"आईचा." ताईंनी खुर्ची ओढली. "मी एक्स्चेंजच्या नोकरीसाठी घर सोडलं ना, तेव्हा तिला ते अजिबात मान्य नव्हतं. मी निघाले तर ती दारापर्यंतसुद्धा आली नाही. आत भांडी घासत बसली. नंतर आठ महिने अवाक्षर नाही. तिला लिहिता येत नव्हतं म्हणा, पण कुणाकडून लिहवून घेता आलं असतं की नाही? आणि मग एक दिवस ही कॅसेट आली. शेजाऱ्यांच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली. आठ महिने बोलली नाही आणि मग पाऊण तास बोलली. एकदम!"

"आणि तुम्ही ऐकलीत."

"एकदा. मैत्रिणीच्या यंत्रावर. नंतर धीर झाला नाही. मग आई गेली, मग तर मुळीच नाही. शेवटी शेवटी तिने सांगितलंय, दारापर्यंत का आली नाही ते. काय म्हणाली ते आठवतं मला, दमधरे. कशी म्हणाली, ते आठवत नाही. तेवढंच ऐकायचंय."

दमधऱ्यांनी कॅसेट उजेडात धरली, पेन्सिलीने चाक किंचित फिरवून पाहिलं. फीत चिकटत होती. तिच्यावरचा तपकिरी थर, ज्यात आवाज असतो तो, सुटायला आलेला.

"ही एकदाच वाजेल, ताई. वाजता वाजताच झडेल. एका फेरीत उतरली तर उतरली."

"मग?"

"उबदार पेटीत चार दिवस ठेवू. थर जरा धरेल. शुक्रवारी लावू."

शुक्रवारी दमधऱ्यांनी यंत्र स्वतः पुसलं. ताईंनी कॅसेट बसवली, चौकटीत लिहिलं, 'आई'. मग यंत्राच्या आवाजाची कळ फिरवून शून्यावर नेली.

"ऐकणार नाही? वाजतेच आहे तर."

"इथे? तुमच्यासमोर रडू की काय मी? घरी नेईन, दार लावेन, आणि निवांत ऐकेन. तीस वर्षं थांबले, पाऊण तास काय जड आहे!"

हिरवं बटण दाबलं. चाकं फिरू लागली. खिडकी पांढरी पडली. दमधरे शेजारच्या खोलीत आपल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि प्रमुखबाईंना हवी असलेली वर्षाची यादी करायला घेतली.

वीसेक मिनिटं झाली असतील.

"दमधरे."

"हं."

"संगणकाच्या खोक्यावरचा तो बारका दिवा असतो ना. एरवी लुकलुकत असतो. आज गप्प आहे."

दमधऱ्यांची यादी नेमकी चुकत होती. एक ओळ दोनदा आली होती. त्यांनी मान वळवली नाही.

"चाकं फिरतायत ना?"

"फिरतायत."

"मग चालू आहे. दम धरा."

ताई दारातच उभ्या राहिल्या. "येऊन बघता का एकदा?"

"ताई, हात लावायचा नाही म्हणजे नाही. पट्टी कशाला लावलीय?"

मग ताईंच्या चपलांचा आवाज परत गेला, सावकाश, आठ-नऊ पावलं.

पाऊण तासाने यंत्र खट्ट करून थांबलं. खिडकी पांढरीच राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग ताईंनी हाक मारली आणि या वेळी दमधरे उठले. खिडकी बंद केली, फाइल उघडली. चार मिनिटं अकरा सेकंद.

"बाकीचं कुठाय?" ताईंनी विचारलं. बाकीचं दमधऱ्यांनी दुसऱ्या खणात ठेवलं असावं, अशा स्वरात.

दमधऱ्यांनी यंत्र उघडलं. कॅसेट बाहेर काढली. यंत्राच्या तोंडाशी तपकिरी भुकटीचा ढीग होता, चहाच्या चोथ्यासारखा. फितीतून आरपार दिसत होतं. तरीही त्यांनी ती परत लावली, कळ वर केली. पाचोळ्यावरून कुणी चालावं तशी नुसती खरखर.

"टेप खराब होती, ताई," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडात तयारच होतं. नोंदवहीत कितीदा लिहिलं होतं.

ताईंनी मान डोलावली. रिकाम्या रुमालाची घडी घालत म्हणाल्या, "जुनीच होती. मीच उशीर केला." आणि पुढे, दमधऱ्यांचा चेहरा पाहून असेल, त्यांनाच समजावू लागल्या. "तुम्ही तरी काय करणार? मीच मेली शहाणी, कळ शून्यावर केली. शेवटची वाजली आणि कुणीच ऐकली नाही."

त्या डबा घेऊन गेल्या तरी दमधरे पडद्यासमोर बसून होते. टेप झडत होती हे खरं. पण झडणारी टेपसुद्धा खरखरीसकट उतरते. फाइल पाऊण तासाची हवी होती, वाईट का असेना. ती चार मिनिटांवर चिरल्यासारखी तुटली होती. असं टेप करत नाही.

तासाभरात सापडलं. तो तुसडा दोन नळांतून बोलायचा. एका नळातून कामाच्या ओळी: एवढी सेकंदं उतरली, एवढी उतरली. दुसऱ्या नळातून तक्रारी: इथे आवाज तुटला, इथे फीत अडकली. दमधऱ्यांची खिडकी ऐकायची ती फक्त पहिला नळ. दुसऱ्याचं तोंड कुणीच उघडलं नव्हतं. चांगल्या टेपेला दोन-चार तक्रारी येतात, त्या नळात पडून राहतात, कुणाला पत्ता लागत नाही. आईच्या कॅसेटला क्षणाक्षणाला तक्रार होती. चौथ्या मिनिटाला नळ काठोकाठ भरला, मोरी तुंबावी तसा, आणि पुढची तक्रार आत जाईना म्हणून तो तुसडा होता तिथेच उभा राहिला. खिडकी त्याच्या पुढच्या ओळीची वाट पाहत राहिली. तो नळ रिकामा व्हायची वाट पाहत राहिला. यंत्राला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याची चाकं फिरत राहिली.

म्हणजे नऊ वर्षं ही खिडकी धडधाकट टेपांसाठीच चालत होती. ज्या टेपा मरणाला टेकल्या होत्या, ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं होतं, त्यांनाच ती दगा द्यायची.

त्यांनी नोंदवही काढली. 'टेप खराब, अपूर्ण.' स्वतःच्या अक्षरात, अकरा ठिकाणी.

घरी जेवताना बायको काहीतरी सांगत होती. बहिणीच्या जावयाचं होतं की जिन्यातल्या दिव्याचं, ते त्यांना कळलं नाही.

"पडली वाटतं खिडकी पांढरी," बायको म्हणाली. हा त्यांच्या घरातला जुना विनोद. एरवी ते हसायचे. आज त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि सगळं सांगितलं.

बायकोने मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी विचारलं, "तिला सांगितलंत?"

"टेप खराब होतीच."

"ते नाही विचारलं मी."

दमधऱ्यांनी पाण्याचं भांडं उचललं आणि तसंच परत ठेवलं.

"ती विसाव्या मिनिटाला उठून आली होती तुमच्याकडे. तेव्हा तुम्ही उठला असतात तर?"

"टेप तिथेच थांबवली असती. प्रोग्राम नव्याने चालवला असता. जरा जरा वेळाने थांबत, तुकड्या-तुकड्यांनी घेता आली असती."

"म्हणजे शेवट मिळाला असता."

"शेवट मिळाला असता."

बायकोने त्यांचं ताट उचललं नाही, पुढेही केलं नाही. "तुमच्याकडे दोनदा यावं लागतं हो माणसाला," ती म्हणाली. रागाने नाही. "पहिल्यांदा आलेलं तुम्हाला ऐकूच येत नाही. मला सवय आहे. तिची तर एकदाच वाजणारी कॅसेट होती."

सोमवारी दुपारचा डबा खाऊन दमधरे खिडकी दुरुस्त करायला बसले. आता चूक कुठे झाली होती ते त्यांना पहिल्या घटकेतच दिसलं. आठ वर्षांपूर्वी त्यांनी मदतीच्या हातांना थेट खिडकीलाच हात लावू दिला होता. तसं करायचंच नव्हतं. एक हात पहिल्या नळाशी बसवला, दुसरा दुसऱ्या नळाशी. त्यांनी फक्त ऐकायचं, ऐकलेलं चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी एका पेटीत टाकायची. खिडकीने आपली मोकळी राहायचं, सेकंदातून दहादा पेटीत डोकवायचं, असतील तेवढ्या चिठ्ठ्या उचलून वाचून दाखवायच्या. खिडकीला हात लावायचा तो खिडकीनेच.

चाळीसेक ओळी झाल्या. चारच्या चहाला ती चालू लागली होती.

दमधरे चहा न पिता बघत बसले. दुरुस्ती अवघड निघावी असं त्यांना फार वाटत होतं. निदान आठवडा लागावा, दोन रात्री डोळा लागू नये, एखादं कोडं असं पडावं की दुसऱ्यालाही सुटलं नसतं. तसं काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताईंना बोलावलं. एक साधी टेप लावली, हिरवं बटण दाबलं. खिडकी पांढरी पडली नाही. तिच्यात सेकंद पळत होते. एक पट्टी आवाजाबरोबर वरखाली होत होती. खाली लाल अक्षरांत एक तक्रार आली, 'इथे आवाज तुटला.' शेजारी एक नवं बटण होतं: 'थांबवा'.

"अगंबाई, जिवंत आहे की!" ताईंनी माऊसने खिडकी धरली आणि पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून आणली. मिटवली, उघडली. "बघा बघा, काम करता करता हलतेय! आता हिला कुणी मेली म्हणायचं नाही."

दोनदा फिरवून झाल्यावर त्यांचा हात थांबला.

"दमधरे, हे करायला किती वेळ लागला?"

दमधऱ्यांजवळ उत्तर तयार होतं. 'बरेच दिवस चाललं होतं,' असं म्हणायचं होतं. त्यात अगदीच खोटं नव्हतं.

"एक दुपार," ते म्हणाले.

"एक दुपार?"

"हो."

ताई खिडकीकडे बघत राहिल्या. सेकंद पळत होते.

"ताई, टेप खराब होती हे खरं आहे. पण त्यामुळे नाही गेलं. माझ्यामुळे गेलं." आणि त्यांनी नळांचं सांगितलं, तुंबल्याचं सांगितलं, अकरा नोंदींचं सांगितलं. आठ वर्षांपूर्वीच्या भीतीचंही सांगितलं, जे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. बोलताना ते उभे होते. कधी उभे राहिले ते त्यांना कळलं नाही.

"मी आले होते तेव्हा?" ताईंनी विचारलं.

"तेव्हा शेवट मिळाला असता."

ताईंनी चष्मा काढला. तो दोरीला लोंबकळत राहिला.

"मी म्हटलं होतं दिवा गप्प आहे."

"हो."

"म्हणजे मला बरोबर कळलं होतं."

"बरोबर कळलं होतं, ताई."

"आणि मी परत जाऊन बसले." त्या हसल्यासारख्या झाल्या. "हात मांडीवर घेऊन. पट्टी वाचत. लहानपणी आई दुधापाशी बसवायची तशी. फरक इतकाच की दूध उतू गेलं असतं तर मी उठले तरी असते."

पडद्याच्या कडेची पट्टी त्या नखाने खरवडू लागल्या. नऊ वर्षांचा डिंक, सलग निघेना. 'पांढरी' निघालं, 'हात लावू' तसंच राहिलं. दमधरे मदतीला पुढे झाले तर ताईंनी न बघता हात आडवा केला. सगळी पट्टी निघाल्यावर त्यांनी तुकडे गोळा करून टोपलीत टाकले, पर्स उचलली आणि अकरा वाजता घरी निघून गेल्या. पुढे चार दिवस आल्या नाहीत.

त्या चार दिवसांत दमधरे प्रमुखबाईंसमोर जाऊन बसले आणि नोंदवही उघडून दाखवली. बाईंनी पानं उलटून अकराही नोंदी पाहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं."

"माहीत आहे."

"मग लागा कामाला."

अकरा टेपा फडताळातून खाली आल्या. पेटीत ठेवून, पुसून, त्यांनी त्या एकेक करून स्वतः लावल्या. सात पूर्ण उतरल्या. चार नाही. त्या चारांच्या नोंदीवरचं 'टेप खराब' त्यांनी खोडलं आणि लिहिलं, 'आमच्या चुकीने अपूर्ण.' खाली सही केली. खऱ्या आडनावाने.

पाचव्या दिवशी ताई आल्या. काही बोलल्या नाहीत. टेप लावली, उतरवली, चिठ्ठी चिकटवली, दुसरी घेतली. दुपारच्या सुमारास दमधऱ्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

"दमध..."

हाक पुरी व्हायच्या आत दमधरे खुर्चीसकट वळले होते.

"ती चार मिनिटं आहेत ना अजून?"

"आहेत. तीन ठिकाणी ठेवलीत."

"घरी नेणार होते. पण घरी एकटीच्याने नाही ऐकवणार. तुम्ही बसा बरोबर."

दमधऱ्यांनी फाइल लावली. आधी खरखर, मग काहीतरी आपटल्याचा आवाज, मग एका बाईचा आवाज, यंत्राच्या फार जवळून.

"झालं का चालू? ... अहो भाऊ, लाल दिवा लागलाय. ऐकू जाईल ना तिला?"

लांबून कुणी पुरुष हसला. "चाकं फिरतायत ना, काकू? मग चालू आहे. बोला तुम्ही."

दमधऱ्यांचा हात टेबलावर होता. तो त्यांनी खाली मांडीवर घेतला. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग परत पडद्याकडे.

"बरं. फिरतायत बाई," आवाज म्हणाला, आणि खाकरला. मग सांगू लागला. मागच्या खिडकीची कडी तुटली होती, ती बसवून घेतली. नळाला आता सकाळीच पाणी येतं, त्यामुळे लवकर उठावं लागतं. तुझा कोट शेजारणीच्या मुलीला देणार होते, पण नाही दिला. वाक्यावाक्यांत बाई थांबायची. चाकं फिरतात की नाही ते बघत असावी. "आणि त्या मांजरीने तुझ्या ट्रंकेत पिल्लं घातली. झाकण उघडं राहिलं होतं. चार आहेत. तीन काळी, आणि त्यातलं एक..."

चार मिनिटं अकरा सेकंद.

खोलीत पंख्याचा आवाज होता. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"त्या एकाचं काय होतं, ते काही आठवत नाही बघा," त्या म्हणाल्या. "दारापर्यंत का आली नाही ते आठवतं. पिल्लाचं नाही आठवत."

दमधऱ्यांनी माऊसकडे हात नेला. "पुन्हा लावू?"

"नको."

त्या उठल्या. दमधरेही मागोमाग गेले, बोलावलं नव्हतं तरी. ताईंनी पुढची टेप उचलली, कुणा अनोळखी माणसाचं मधमाश्यांवरचं भाषण, फीत ताणून नीट बसवली. हिरव्या बटणाकडे हात नेता नेता थांबल्या आणि आधी यंत्राच्या आवाजाची कळ शून्यावरून वर घेतली.

"बसायचं तर बसा," त्या म्हणाल्या.

दमधऱ्यांनी स्टूल ओढलं. खिडकीत सेकंद पळू लागले. भाषण करणारा फार हळू बोलत होता आणि दर दोन वाक्यांनी पाणी पीत होता. ते दोघं शेवटपर्यंत ऐकत बसले.